झिरो बल्बचा चंद्र

सरांना कुणी वेळ विचारली की ते उलट विचारायचे, "कुणाची?"

नवीन माणसाला वाटायचं, गंमत करतायत. गंमत नव्हती. त्यांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असे, ते आपलं. उजव्या मनगटावर दुसरं असे, ते 'त्यांचं'. आणि दोन्ही घड्याळांचे काटे कायम एकाच जागी असत, कारण आपल्या आणि त्यांच्या वेळेत फरक बरोबर बारा तासांचा होता. एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, मग दुसरं घालताच कशाला? एकच पुरेल की." त्यांनी माझ्याकडे नापास होणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं.

"मॅडम, याच्यात दहा वाजले म्हणजे सकाळ. याच्यात दहा वाजले म्हणजे रात्र. एका घड्याळात दोन्ही कसं मावेल?"

असल्या माणसाची मी विभागप्रमुख होते.

'ते' म्हणजे समुद्रातले किडे. गांडुळाचे खाऱ्या पाण्यातले चुलतभाऊ म्हणा. पुस्तकात त्यांना नेरीस म्हणतात. आमचं कॉलेज गंगाखेडला. इथं पाणी म्हणजे गोदावरी आणि मीठ म्हणजे किराणा दुकानातली पुडी. ज्या गावातल्या बहुतेकांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला, त्या गावात हा माणूस प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत समुद्र भरून बसला होता, मातीच्या रांजणांत.

वयानं, नोकरीनं, ज्ञानानं ते मला सगळ्याच बाबतीत ज्येष्ठ. प्रमुख तेच व्हायचे. पण प्रमुखाला सह्या कराव्या लागतात हे कळल्यावर त्यांनी ते पद माझ्याकडे सरकवलं. "तुम्हाला याद्या करायला आवडतात, तुम्हीच व्हा." आवडतात, खरं आहे. सकाळचा डबा भरायच्या आधी माझी दिवसाची यादी तयार असते, आणि संध्याकाळी तिच्यातली बहुतेक कामं खोडलेली असतात. न खोडलेली उरत ती सरांची. सरांकडून हजेरीपट घेणे. सरांना परीक्षेच्या ड्यूटीची आठवण करणे. सरांना रात्रीतून बाहेर काढणे.

हे शेवटचं जरा समजावून सांगायला हवं.

प्रयोगशाळेच्या मागं एक लांबट खोली होती. आता तिथं संगणक आहेत आणि एसी आहे. तेव्हा तिथं फॉर्मालिनच्या बरण्या, सांगाड्याची पेटी आणि एक मोडकं टेबल होतं. सरांनी तिच्या खिडक्यांना काळा कागद लावला, दाराच्या आतून जाड काळा पडदा सोडला आणि आत दिवस-रात्र उलटी केली. कॉलेज सुटल्यावर तिथल्या ट्यूबलाइट टायमरवर लागत आणि रात्रभर जळत. तो त्यांचा दिवस. सकाळी दहाला त्या विझत. मग त्यांची रात्र. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं. हे किडे जे काही पाहण्यासारखं करतात ते अंधारात करतात. आपण रात्री जागून पाहायचं की त्यांनी कॉलेजच्या वेळात करायचं? "पगार आपल्याला दिवसाचा मिळतो मॅडम."

म्हणजे दहा ते सहा, मी ज्या वेळात कॉलेज चालवायचा प्रयत्न करी, त्या वेळात माझ्या विभागाच्या एका खोलीत मध्यरात्र असे. तिथं दिवा लावायचा नाही. दार पूर्ण उघडायचं नाही. बरणी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. सर स्वतः लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी घेऊन आत वावरत, कारण लाल उजेड किड्यांना फारसा कळत नाही म्हणे. कुणी सरांना भेटायला आलं की आमचे शिपाई मारोतीमामा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "सर रातीत हायत. बसा."

पालक येत, पुस्तक विक्रेते येत, एकदा बँकेचे साहेब आले. सगळे बसत. सर सकाळ झाली की बाहेर येत, म्हणजे संध्याकाळी सहाला.

हे सगळं सुरू झालं ते एका पोरीमुळं. पालमहून रोज एसटीनं येणारी मुलगी, दुसऱ्या वर्षाची. सर नेहमीप्रमाणे बरणी हातात धरून नेरीस शिकवत होते. ती बरणी आमच्या कॉलेजइतकीच जुनी. आतला किडा पांढराफटक पडलेला, शेपटीकडून तुटलेला, आणि लेबलावरची शाई उडालेली. पोरगी उभी राहिली.

"सर, तुमी ह्यो जिता पाहिलाय का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि तास संपेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज न देताच गायब. मी त्यांचे तास घेतले. माझेही घेतले. आठवडाभरानं ते उगवले ते दोन थर्मास गळ्यात अडकवून. कोकणात कुठल्याशा खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून ते खणून आणले होते.

त्या प्रवासाची हकीकत त्यांनी मला इतक्यांदा सांगितलीय की मीच गाडीत होते असं वाटतं. देवगाव फाट्यावर गाडी बदलली. नव्या गाडीतल्या कंडक्टरनं थर्मास पाहिले. "काका, घोटभर चहा द्या की." सर म्हणाले, "देतो. पण तो तुमच्या पोटात पोहत बसेल." कंडक्टरला संशय आला. त्यानं सगळ्या गाडीसमोर झाकण उघडायला लावलं. एक बाई किंचाळली, दुसरी म्हणाली, "देवा! हे पाळाया आनलंव?" पुढं काय झालं असेल ते आम्हा विभागातल्या लोकांना न सांगताही कळतं. परभणी येईपर्यंत सरांनी आख्ख्या गाडीचा तास घेतला. कंडक्टर तिकिटं काढायची विसरला, असं सर अभिमानानं सांगत. मी म्हणे, "सर, त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल पुढं?" यावर ते गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

ते त्या गाडीत काय बोलले असतील ते इथं थोडक्यात लिहिते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. सरांना थोडक्यात कधीच जमलं नाही.

हा किडा आयुष्यभर चिखलातल्या बिळात राहतो आणि आयुष्यात एकदाच वीण करतो. कधी करायची, हे तो उजेड आणि पाण्याचा गारवा-ऊब यावरून ठरवतो. दिवस आखूड आणि पाणी गार, तोवर तो नुसता खातो आणि वाढतो. दिवस लांबले, पाणी कोमट झालं की अंगात बदल सुरू होतात: डोळे मोठे होतात, रंग पालटतो, मागचे पाय वल्ह्यांसारखे रुंद होतात. मग नेमका दिवस चंद्र ठरवतो. चांदण्याच्या रात्री सरून अंधाऱ्या लागल्या, की काही दिवसांनी सगळे एकदम बिळं सोडून पृष्ठभागावर येतात, अंडी आणि बीज पाण्यात सोडतात आणि मरतात. एकूणएक.

सरांना हे एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. एवढंच. बढती नको होती, पुरस्कार नको होता, शोधनिबंधाचं नाव काढलं की तोंड वाकडं करत. "मी इतकी वर्षं मुलांना न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगतोय," ते म्हणत, "याला काय म्हणतात मॅडम?" मी म्हणे, "अभ्यासक्रम म्हणतात सर. आणि तो तुमचा अर्धाच झालाय."

तर त्या खोलीत त्यांना सगळं तयार करावं लागलं. समुद्र, हिवाळा, उन्हाळा आणि चंद्र.

समुद्र सोपा होता. हैदराबादहून शोभेच्या माशांच्या दुकानातलं मीठ येई. उन्हाळ्याचंही अडत नव्हतं, गारवा थांबवला की तो आपोआप. हिवाळा अवघड. आमच्याकडे ऊन काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सरांनी रांजण ओल्या वाळूत पुरले, भोवती ओली गोणपाटं गुंडाळली, आणि स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याशी संधान बांधलं. रसाचं गुऱ्हाळ बंद करताना उरलेला बर्फ तो सरांना देई. सर तो पिशवीत घालून, ठिबकत ठिबकत, प्राचार्यांच्या केबिनसमोरून नेत. मागं पाण्याची रेघ. प्राचार्य मला बोलावत. मी मारोतीमामांना बोलावे. मामा पोछा मारत आणि म्हणत, "बाई, माणसाला प्यायला गार पानी न्हाई आन् किड्याला बर्फ."

घरी त्यांच्या पत्नीचीही तीच तक्रार. काकू मला बाजारात भेटल्या की हात धरून उभं करत. "आमच्या फ्रिजचं बटन मोठं करू देत न्हाईत, बिल येतंय म्हणतात. तिकडं किड्यांना काश्मीर! बाई, तुमी सायेब हात ना त्यांच्या? बोला की जरा." मी साहेब होते खरी. बोलतही होते. सर ऐकूनही घेत, आणि शेवटी विचारत, "पालक मिळाला का हो बाजारात? फवारलेला नसलेला?" कारण किड्यांना उकडलेला पालक लागे. भाजीवालीशी ते इतकी चौकशी करत की ती म्हणाली, "सर, सूनबाई पोटुशी हाय का?"

वीज जाई तेव्हा त्यांचा दिवस मधेच मावळे. एका मे महिन्यात ती इतकी गेली की पाणी तापून पहिली पिढी संपली. मग सरांनी प्राचार्यांच्या पंख्याचा इन्व्हर्टर उचलून मागच्या खोलीत लावला. प्राचार्य घामानं भिजले आणि मी माफीचं पत्र लिहिलं. दुसरी पिढी रंगवाल्यानं मारली. दिवाळीच्या सुट्टीत तो रंग द्यायला आला, त्यानं खिडक्यांचे कागद फाडून काढले आणि चार दिवस खिडक्या उघड्या टाकल्या. सर सुट्टीवरून आले, खोलीत गेले, बाहेर येऊन पायरीवर बसले. मी म्हटलं, "सर, चहा घ्या." म्हणाले, "त्यांना कळलंच नाही हो, दिवस कुठला आणि रात्र कुठली." आणि त्याच संध्याकाळी पुन्हा कोकणच्या गाडीत.

तिसरी पिढी शेवटची. त्या मार्चअखेर सर निवृत्त होणार होते आणि खोली संगणकांसाठी रिकामी करून द्यायची, असं ठरून गेलं होतं.

आता चंद्राचं. छताला एक झिरोचा बल्ब टांगलेला होता, तोच चंद्र. महिन्यातला एक आठवडा तो त्यांच्या रात्री जळत ठेवायचा, मग बंद करायचा. यातली मेख अशी की सरांनी तो मुद्दाम आकाशाच्या उलट ठेवला होता. बाहेर अमावास्या असली की आत पौर्णिमा. किडे बंद खोलीत दिव्यावर चालतात, आकाशातल्या चंद्राशी त्यांचा काही संबंध उरत नाही, हे त्यांना त्यावरून कळणार होतं. मारोतीमामांना हे कधी पटलं नाही. मामा चतुर्थी धरणारे, आवसेला नारळ फोडणारे. त्या बल्बाकडे बघून ते मान हलवत. "सर, चंद्राशी खेळू न्हाई."

फेब्रुवारी सरता सरता सर स्वतःच ओलं केलेल्या गोणपाटावरून घसरले आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. रुग्णालयातून घरी आले तेव्हा मी भेटायला गेले, संत्री घेऊन. त्यांनी संत्र्यांकडे बघितलंही नाही.

"मॅडम, चंद्र तुमच्याकडे."

"माझ्याकडे तपासणी समिती आहे सर. पंधरवड्यावर आलीय."

"रोज दहाला लावायचा, सहाला बंद. हा पूर्ण आठवडा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवो, पायाचं इचारा डॉक्टरला! चंद्राचं काय घिऊन बसलाव!"

माझ्या यादीत चंद्र आला. फाइली, रंगरंगोटी, समितीचं जेवण, पाहुण्यांची खोली, चंद्र. मी तो नीट लावलाही, रोज दहाला, चुकले नाही. मग एक दिवस विद्यापीठाच्या कामासाठी मला नांदेडला जावं लागलं. मामांना बजावून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर आत मिट्ट काळोख.

"मामा, बल्ब उडाला का?"

"उडला न्हाई बाई. म्या बंद केला."

"का?"

"काल आवस हुती." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं, जणू तिथं प्राचार्यांची सही होती. "आवसेला चंद्र पेटवून ठिवायचा? आपल्या हातानं? इतकी वर्सं गप बसलो, सर व्हते म्हून. आता तुमी बी न्हाई, सर बी न्हाई, जिम्मा माझ्यावर. माझ्यानं झालं न्हाई."

मी लगेच सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता लावू का परत?" मी विचारलं.

"मावळलेला चंद्र परत लावता येत नाही मॅडम. त्यांना अंधार मिळाला. आता ते निघाले." मग हिशेब करत पुटपुटले आणि म्हणाले, "लवकर येतील. पालक खातायत का ते बघत राहा. खाणं सोडलं की समजा, आलेच."

मी बघत राहिले. दुसरं काय करणार? समितीच्या फाइलींना पुठ्ठे लावता लावता पालक मोजत होते. समिती यायच्या आदल्या सकाळी पालक तसाच तरंगत होता. लाल उजेडात वाकून पाहिलं तर काही किडे बिळातून अर्धे बाहेर, डोळे खसखशीएवढे काळे, ठळक, आणि अंग फुगलेलं. मला मुळीच पाहायचं नव्हतं. माझ्याकडे वेळ नव्हता. तरी पाहत राहिले.

फोनवर सर म्हणाले, "उद्या. मी येतोय."

"सर, उद्या समिती आहे."

"त्यांना मी बोलावलेलं नाही."

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "बाई, डॉक्टरनं हलायचं न्हाई म्हणून सांगितलंय, आन् ह्यांना किड्यांच्या लग्नाला जायचंय! तुमीच न्हाई म्हना." मी नाही म्हटलं. स्पष्ट, दोनदा. दुसऱ्या दिवशी साडेनऊला कॉलेजच्या फाटकात रिक्षा उभी राहिली. तिच्यातून आधी प्लास्टरचा पाय बाहेर आला, मग पायाखालची काकूंची उशी, मग सर. दोन्ही घड्याळं घातलेली.

रागवायलाही सवड नव्हती. समितीचं वेळापत्रक मीच केलं होतं. आमचा विभाग शेवटी, जेवणानंतर. तोवर सरांचं काय ते होऊन जाईल, पडदा काढू, ट्यूब लावू, खोली दाखवू. मी आणि मारोतीमामांनी त्यांना खुर्चीसकट उचलून रांजणाजवळ ठेवलं. दार लोटून घेतलं. दहाला ट्यूबलाइट विझल्या.

अंधारात पहिला अर्धा तास भांडणात गेला.

"मारोती, कुणाला विचारून चंद्र मालवलास?"

"आवस व्हती सर."

"अरे, बाहेर होती! आत नव्हती!"

"आवस एकच आसती सर. आतली-भाईरची कुठं आसती व्हय?"

"मला हे बघायचं होतं की ते माझ्या दिव्यावर चालतात की आकाशातल्या चंद्रावर. तू माझा दिवा नेऊन आकाशाला जुळवलास. आता ते वर आले तरी कशामुळं आले, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. कळतंय का तुला, काय केलंस ते?"

मामांनी जरा विचार केला असावा. "मंग दोन्हीवर चालत्यात आसं लिवा की. कोन येतंय बघायला?"

"मॅडम, याला बाहेर काढा."

"कुणीही बाहेर जाणार नाही आणि कुणीही बोलणार नाही," मी म्हटलं. वर्गात म्हणते तसं. 

लाल बॅटरीच्या उजेडात पाण्यात एक किडा सुटला. बिळातून निघाला आणि सरळ वर आला, गोल फिरायला लागला. मग दुसरा. मग मोजता येईनात. रांजणाच्या तोंडाशी सगळं पाणी फिरत होतं, एकमेकांच्या अंगावरून, एकमेकांभोवती, कडेला आपटून परत. ज्या किड्यांना मी पालक घालत होते ते बिळातून बोटभरही बाहेर न पडणारे सुस्त प्राणी होते. हे ते वाटतच नव्हते. मामा "आयला" म्हणाले आणि लगेच जीभ चावली असावी.

सर पाण्यावर वाकले होते.  मग त्यांचा आवाज आला, हळू.

"पुस्तकात याला नाच म्हणतात मॅडम."

"हो सर."

"मीही मुलांना नाचच सांगत आलो. फळ्यावर गोल काढून दाखवायचो, हसवायचो त्यांना." त्यांचा हात रांजणाच्या काठावर होता, तेवढाच लाल उजेडात नीट दिसत होता. "हा नाच नाही हो. ही घाई आहे. बघा ना, किती घाई आहे त्यांना."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. एकट्यादुकट्याची नाहीत. मग प्राचार्यांचा पाहुण्यांसमोरचा आवाज. "मॅडम? समिती इकडे आलीय. अध्यक्षांचा गुडघा दुखतोय, जिना चढायचा नाही म्हणाले. म्हणून तळमजल्यावरचं आधी."

माझं वेळापत्रक. तीन आठवडे खपून केलेलं.

सगळ्या माद्या अजून वर आल्या नव्हत्या. हे मला कसं कळलं माहीत नाही, पण कळलं. काही बिळांच्या तोंडाशी फिकट डोकी नुसती हलत होती. आता उजेड पडला तर असतील तिथून खाली जातील. उद्या पुन्हा येतील की नाही कुणाला ठाऊक. आणि उद्याचे, परवाचे असे सरांकडे फारसे दिवस उरले नव्हते.

"मॅडम, ऐकताय ना? दोन मिनिटं पाहून पुढं जातील. लाइट तेवढी लावा."

"बाई," मामा कुजबुजले, "उघडू का?"

मी सरांकडे पाहिलं. ते 'थांबा' म्हणतील, 'त्यांना मी बोलावलेलं नाही' म्हणतील, असं मला वाटलं. तसं म्हणाले असते तर मी कदाचित उघडलंही असतं, इतकी मी त्यांना विटले होते.  त्यांनी दाराकडे पाहिलंही नाही. ते पाण्यात बघत होते, प्लास्टरचा पाय वाकडा टाकून, हनुवटी जवळजवळ रांजणाच्या काठावर टेकवून.

दारावर पुन्हा थाप पडली. पडद्याच्या खालून उजेडाची बारीक रेघ आत आली.

"प्रयोग चालू आहे," मी आतून मोठ्यानं म्हटलं. "पाहुण्यांना बसवा. चहा द्या."

मग चाचपडत दारापर्यंत गेले आणि कडी घातली.